पहिला फटका माझा होता

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. देवळात गेलो तरी नारळ फोडायचा आणि खाली मान घालून बाहेर यायचं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ऐकून शिवी घालावीशी वाटली तर खुशाल घाला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरावर. दहा-बारा घरं, म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी. दूध खाली न्यायला मी आणि धाकटा भाऊ किसन, आम्ही एक जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली होती. वाट म्हणजे नुसते दगड—गाडीचं पोट रोज कुठं ना कुठं आपटायचं. म्हणून महाडला बाळू मिस्त्रीकडं नेली आणि म्हटलं, हिचं तोंड उचलून दे.

त्या गाडीला पुढं टॉर्शन बार असतात. दोन लांब लोखंडी दांडे, स्प्रिंगचं काम तेच करतात. त्यांचा बोल्ट आवळला की गाडी पुढून वर येते. मिस्त्रीनं चाकांचे बॉल जॉइंट, म्हणजे सांधे, नवे टाकले, बोल्ट बेतानं आवळले, त्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आणि मला वाकायला लावून दाखवली. म्हणाला, "ह्याच्या फुडं आवळायचं नाय. सांधा उपटंल."

मला राग आला. कशाचा? खालच्या गावातल्या एकाची पिकअप माझ्या गाडीपेक्षा चार बोटं उंच होती—एवढंच. आणि मला कुणी नाही म्हटलेलं लहानपणापासून खपत नाही. घरी आलो, गाडीखाली शिरलो, पान्याला पाईप लावला आणि दोन्ही बोल्ट तीन-तीन फेरे आवळले. बाहेर येऊन बघतो तर गाडी काय दिसत होती! वाडीतली माणसं बघायला आली. मिस्त्रीचा हात चांगला आहे, म्हणाली. मीही हो म्हटलं. तेव्हा त्यात काही वाईट वाटलं नाही.

चार दिवसांत आवाज सुरू झाला. चाक खड्ड्यातून निघालं की खालून घण मारल्यासारखा. टायर एका बाजूनं खाल्ले जायला लागले. चढावर पुढची चाकं जमीन सोडायची. त्याला आमच्याकडं उपाय ठरलेला आहे—उभ्या चढाला एखाद्या माणसाला बॉनेटवर बसवायचं, वजनाला. सगळे बसतात. मीही बसलोय.

त्या दुपारी किसन म्हणाला, "दादा, आवाज बरा नाय. मिस्त्रीला दाखवू." मी त्याच्या कानाखाली मारली. लग्न झालेला, एका पोरीचा बाप, आणि मी त्याला चार माणसांत मारलं. भित्री भागूबाई म्हटलं. बस फुडं, म्हटलं.

तो बसला.

शेवटच्या वळणावर डावा सांधा उपटला. चाक आडवं पडलं, गाडी नाकावर आदळली आणि किसन समोर पडला. मी ब्रेक दाबला असं पोलिसांना सांगितलं, सगळ्यांनाच सांगितलं. दाबला होता का? नाही. चढ एका दमात मारायचा म्हणून पाय दुसऱ्या पेडलवर होता, पूर्ण. उरलेल्या तीन चाकांनी गाडी पुढं रेटली आणि ती त्याच्या छातीवर चढली. त्याचं तोंड माझ्याकडं होतं. त्यातून रक्त आलं आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सावडून आलो. अंगणात सगळी बसलेली. चुलत्यानं विचारलं, हे झालं कसं रे? सगळे माझ्याकडं बघत होते. किसनची बायको दारात होती. तेव्हा बोललो असतो तर? काय झालं असतं फार तर—थुंकली असती ती माझ्यावर. मी म्हणालो, "मिस्त्रीनं सांधा नीट बसवला नाय."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. वीस माणसं मिळेल त्या गाडीनं महाडला उतरली. बाळू मिस्त्री जेवणाचा डबा उघडून बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला. त्याला किसनचं कळलं होतं, तो रडतच पुढं आला. आणि म्हणाला, "आरं थांबा, मला गाडी बघू तरी द्या."

गाडी बघू द्या. बाकीच्यांना ते ऐकूही आलं नसेल. मला आलं. त्याचाच चाकपाना उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला—भावाच्या दुःखानं नाही, त्यानं गप्प व्हावं म्हणून. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. तो पडला तशी बाकीची तुटून पडली. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला, तर मी त्या हातावर मारलं. पुन्हा मारलं. बोटं फरशीवर होती तेव्हाही मारलं. खोटं कशाला बोलू, मारताना मला बरं वाटत होतं. मारता मारता मला खरंच वाटायला लागलं होतं की ह्यानंच किसनला मारलाय.

गाडी मी आठवड्यात भंगारात घातली. ज्या घरात मयत झालंय त्या घरावर कोण केस करणार? मिस्त्रीनंही केली नाही.

त्याची बोटं मिटत नाहीत आता. गॅरेज गेलं. बायको पाचाडला एका खानावळीत भाकऱ्या करते, त्यावर त्यांचं चालतं.

गेल्या दिवाळीनंतर तो वाडीवर आला. चालत, बायकोला घेऊन. दात नसल्यानं बोलणं नीट कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होता. "सांध्याच्या नटाला पिन घातली का नाय, मला आठवतच नाय. लय आठवून बघितलं. घातलीच नसंल. माझ्या हातनं गेला तुझा भाव." मग तो आईच्या पाया पडला. किसनच्या बायकोच्या पाया पडला, त्याच्या निम्म्या वयाच्या. मग माझ्याकडं वळला आणि त्या वाकड्या हातानं माझे पाय धरले.

सगळी वाडी बघत होती. मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जा. माफ केलं तुला."