महालाच्या बागेतली घोळ

सकाळच्या रेल्वेने आम्ही दोघी निघालो तेव्हा आईच्या पायात मी घेतलेले नवे बूट होते. इथे साडीवर चपला चालत नाहीत, असं मीच तिला सांगितलं होतं. माझं फ्रान्समधलं शिक्षण संपलं होतं आणि पदवीदान समारंभासाठी आई गावाकडून, साखऱ्याहून आली होती. परतण्याआधी तिला लुआर नदीकाठचा एक शातो (जुना किल्लेवजा महाल) दाखवायचा होता.

पुलावरून तो पहिल्यांदा दिसला. पांढऱ्या दगडाच्या भिंती, निळसर टोकदार छप्पर, खाली संथ हिरवं पाणी.

"एवढं घर झाडतं कोन गं?" आई म्हणाली. मला हसू आलं, पण शेजारी लोक होते म्हणून मी हसले नाही.

आतल्या दालनांत आई हात मागे बांधून चालली. कशालाही हात लावू नकोस, असं मी तीनदा बजावलं होतं. दुपारी नदीकाठच्या बाकावर तिने धपाटे काढले. लसणाच्या चटणीचा वास सुटला, तसा मी डबा बंद करायला लावला. अर्धा धपाटा तिच्या हातातच राहिला.

मग पोताजे (भाजीपाल्याची बाग) आली. चौकोनी वाफे, कडेला कापून सारखी केलेली झुडपं, मध्ये जांभळा कोबी फुलांसारखा मांडलेला. मी फोटो काढत होते. वळून पाहिलं तर आई वाफ्यात उकिडवी बसलेली.

"अगं, ही तं घोळ हाय! इथं बी उगवती!"

आमच्याकडे शेतातलं तण निंदायला गेलेल्या बाया त्यातली घोळीसारखी भाजी पदरात घालून घरी नेतात. रान कुणाचंही असो, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मला इंग्रजी शाळेत शिकवायला आई वर्षानुवर्षं लोकांच्या रानात अशीच बसली होती.

"मादाम!" बागेची माळीण धावत आली. आईला काही कळेना, तेव्हा माळिणीने इंग्रजीत आजूबाजूच्यांना विचारलं, या बाईंबरोबर कोण आहे?

मी चार पावलांवर होते. मी हातातला नकाशा उघडला.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी कळत नव्हतं, माझं तोंड कळत होतं. ती माळिणीकडे वळली, एक बोट वर केलं आणि स्वतःच्या छातीला लावलं. एकटी.

माळिणीने वाफा नीट पाहिला. एकही रोप न दुखावता ओळ स्वच्छ झाली होती. ती हसली, "पुर्पिये" (घोळ) म्हणाली, एक पान तोंडात टाकलं आणि पदरातली भाजी आईला नेऊ दिली. फाटकापर्यंत मी दहा पावलं मागे चालले.

गाडीत मी म्हणाले, "आई, मघाशी मी..."

"बूट लागून राहिले गं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

गावी परतल्यावर शेजारच्या शमीमखाला ओट्यावर आल्या. आईने त्यांना महाल सांगितला, घोळ सांगितली.

"अन् त्या बाईनं धरलं तवा पोरगी कुठं व्हती?" खालांनी विचारलं.

"बराबरच व्हती की. तीच फाडफाड इंग्रजी बोलली, म्हनून तं सोडलं मला."

आईने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. बागेतल्यानंतर खरं बोलायची माझी ती दुसरी संधी होती. मी चहा ठेवते म्हणून आत गेले.

आता खाला ही गोष्ट जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातही सांगतात. बायका कौतुकाने माझ्याकडे बघतात आणि दर वेळी माझी मान खाली जाते. त्यांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.