पॅरामॅटात न चाललेला फ्रँक

गॅबनच्या लिब्रव्हिलहून निघताना बँकेने मला युरो दिले नाहीत. तिकीट, व्हिसा, नवऱ्याच्या लाकूड कारखान्याचं पत्र, सगळ्याच्या प्रती ठेवून घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. ऑस्ट्रेलियाने कोविडनंतर सीमा नुकत्याच उघडल्या होत्या. त्या परत मिटायच्या आत मला पोचायचं होतं. घरातल्या फ्रँकच्या नोटा पाकिटात घातल्या. मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांचा हा सामायिक फ्रँक युरोशी ठरलेल्या दराने बांधलेला आहे. म्हणजे जवळजवळ युरोच, कोणीही बदलून देईल, असं मी धरून चालले.

सिडनीत मुलगी मानसी आणि जावई निखिल गिरावीनला राहतात. तिथे दारात कढीपत्ता असतो आणि घरावर कर्ज. निखिल खाण अभियंता. कोविडमध्ये त्याची नोकरी गेली होती आणि आता आमच्या गॅबनमधल्याच एका मँगनीजच्या खाणीने त्याला बोलावलं होतं. पगार फ्रँकमध्ये, उत्तर शुक्रवारपर्यंत. ते आले असते तर आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर राहिले असते. लग्नानंतर मानसी इतक्या जवळ कधीच नव्हती. या विषयात आपण तोंड घालायचं नाही, असं मी विमानातच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मानसी मला पॅरामॅटाला घेऊन गेली. पैसे बदलायच्या काउंटरवरच्या मुलाने नोट उजेडात धरली, उलटी केली, मास्क सावरला.

"हे कुठलं आहे?"

"सहा देशांचं."

"सहांपैकी एकही आमच्या यादीत नाही. सॉरी, मेट. आर्वोला (दुपारी) मॅनेजर येईल, त्याला विचारा."

मॅनेजर आला. त्यानेही नोट उलटी केली आणि परत दिली.

मॅनेजर येईपर्यंतचा वेळ आम्ही नदीकाठच्या बाकावर काढला. पावसाने नदी गढूळ होती. लांब वाकड्या चोचीचे पांढरे पक्षी कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून जेवत होते. आम्ही घरून आणलेले पराठे खाल्ले.

मग चालत हॅरिस पार्कला गेलो. वाण्याकडे कच्ची केळी निवडणारा एक माणूस फोनवर फ्रेंच बोलत होता. डाकारचा निघाला. मी आशेने नोट दाखवली. तो हसला.

"मॅडम, हा तुमचा फ्रँक. आमचा पश्चिम आफ्रिकेचा, वेगळा."

"पण भाव तर एकच ना?"

"अगदी एकच. तरी डाकारला ही नोट दिलीत तर दुकानदार तुम्हाला बसवेल, चहा देईल आणि नोट परत करेल."

जिलेबीचे पैसे मानसीने दिले.

जेवताना निखिल म्हणाला, "आई, खरं सांगा. फ्रँक कोसळणार नाही ना?"

"नाही. पाव मी अजून जुन्याच भावाने घेते."

"मग अडचण काय?"

"सहा देश म्हणजे सहा जावा, परकीय चलनाचं कोठार एक. पाच जणींचे नवरे एकाच धंद्यात, तेलाच्या. कोविडमध्ये तेल पडलं, पाचही पगार एकदम आटले आणि सगळ्या माप घेऊन त्याच कोठारात शिरल्या. मग दाराला कुलूप. फ्रँक पडला नाही. बाहेर जायचा थांबला."

"आणि सासूबाई?"

"पॅरिसला. फ्रँकच्या दराची हमी त्यांची, पण आधी कोठार भरा म्हणतात."

"सगळ्या सासवा सारख्याच." मानसीने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे, या सोडून," म्हणत त्याने पोळी घेतली.

"इथला घराचा हप्ता तिथून येईल का गं?" मानसीने विचारलं.

मी आमटी वाढून घेतली.

"दर महिन्याला वेळेवर येईल, असं मी सांगणार नाही. बाबांनी आजीच्या ऑपरेशनला पैसे पाठवले होते. आजी बरी होऊन घरी आली, त्यानंतर ते पोचले."

निखिलने अर्धा पगार इथल्या खात्यात मागितला. खाणीने उत्तरादाखल पैसे बाहेर नेण्यावरच्या बंधनांचे नियम पाठवले. शुक्रवारी त्याने नकार पाठवला.

विमानतळावर मानसी म्हणाली, "थोडं खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं, आई."

"हप्ता मी भरणार होते का?"

माझी बॅग तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

लिब्रव्हिलला टॅक्सीवाल्याने माझी नोट न बघता खिशात घातली आणि सुटे परत दिले. नवरा दारातच उभा होता.

"येताहेत?"

"नाही."

"आणि नोटा?"

"परत आणल्यात."

त्याने बॅग आत नेली. मी कोपऱ्यावरून पाव आणला. पावाचा भाव तोच होता, युरोचा दर तोच होता आणि मानसी होती तितकीच लांब होती.