स्ट्रेचरची पायाकडची बाजू

"स्वल्प पाय दाखवा, अण्णा," असं म्हणत तो पेशंटची चादर वर सारायचा आणि दोन्ही पावलांना एकदमच हात लावायचा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. मग म्हणायचा, "सरी." कानडीत स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे ठीक. बायका असल्या तर अण्णाच्या जागी अक्का, बाकी सगळं तेच.

बंगळूरला चामराजपेटेतल्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही दोघं स्ट्रेचर ओढायचो. तो चौथी शिकलेला, मी तिसरी. पण नोकरीत मी त्याच्याहून सहा वर्षांनी जुना. आमच्यात रीतच होती: डोक्याकडची बाजू सिनियरची, पायाकडची ज्युनियरची. डोक्याकडची बाजू मी कधी सोडली नाही.

पण बघा, डोक्याकडच्या माणसाचं तोंड पेशंटला दिसतच नाही. पडल्या पडल्या तो सारखा पायाकडच्यालाच बघत असतो. म्हणून घरी जाताना पेशंट म्हैसूरपाक देणार त्याला, आणि मला विचारणार, "ते दुसरे कुठे गेले?" सिस्टर त्याची कॉफी झाकून ठेवायच्या, माझी तशीच निवायची. मी म्हणायचो, "पाया पडून मिठाई मिळते, चांगला धंदा आहे तुझा." तो हसायचा. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्वद सालानंतर आमच्याकडे मणक्यात स्क्रू बसवायची ऑपरेशनं सुरू झाली, आणि वजनं उचलून उचलून माझाच मणका सरकला. चार स्क्रू बसवले. थिएटरातून बाहेर आणताना पायाकडे तोच होता. "सरी," म्हणाला.

दुपारी डावा पाय बधिर वाटायला लागला. मी बोललो नाही. ज्या वॉर्डात वीस वर्षं पेशंटना कण्हू नका म्हणून दटावलं, तिथं मी कण्हणार? तेवढ्यात तो परत आला. मी म्हणालो, माझ्या पायाला हात लावायचा नाही. त्यानं लावलाच.

"डावा गार आहे."

"पंख्यामुळे."

"पंखा एकाच पायावर फिरत नाही, अण्णा."

सिस्टर नवीन होती, म्हणाली पांघरूण घाला. त्यानं चपला काढल्या आणि थेट थिएटरात शिरला. बोलावल्याशिवाय तिथं जायची आम्हाला मनाई. डॉक्टरांना घेऊनच आला. त्यांनी माझ्या पावलावर नाडी शोधली. लागेना. त्याच संध्याकाळी माझं पोट उघडलं. एका स्क्रूचं टोक हाडाच्या पुढे निघालं होतं, आणि तिथंच हाडाला चिकटून पायाकडे रक्त नेणारी मोठी नळी असते. तिला इजा होऊन आत रक्त गोठलं होतं. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, कदाचित मीही.

पोट फाडलं माझं आणि नाव झालं त्याचं. खोटं कशाला सांगू, शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच बोचलं. डॉक्टर तपासायचे मला आणि शाबासकी द्यायचे त्याला. बायको दोन डबे आणायची, त्यातला मोठा त्याचा. वीस वर्षं मी पायाकडे उभा असतो तर मलाही हे कळलं असतं, असं मनाला सांगत पडून राहायचो. पण डोक्याकडची बाजू मीच धरून ठेवली होती.

आभार मानायचे राहिले ते राहिलेच. दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, बायको पुरणाच्या होळिगेचा डबा देऊन पाठवायची. मी तो त्याच्या दारात टेकवायचो, "हिनं पाठवलंय" म्हणायचो आणि वळायचो.

एका उगादीला गेलो तर दारात माणसं. पहाटे छातीत कळ येऊन तो गेला होता. जमलेल्यांतले कितीतरी जुने पेशंट; एकेकाला मीच थिएटरात नेलं होतं. मला एकानंही ओळखलं नाही. म्हटलं, आजही हाच जिंकला.

बाकावर बसलेल्या एका अक्कानं विचारलं, मी त्याचा कोण. सिनियर, हे ओठावर आलं होतं.

"त्याचा पेशंट," मी म्हणालो.

ती सरकली आणि मला बाकावर जागा दिली.