चिंतनाला काय लागतं

सौदीतल्या अल-खोबरच्या त्या फ्लॅटमध्ये माझ्याकडे रिकामा वेळ मात्र मुबलक होता. नाशिकच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणं सोडून मी नवऱ्याच्या नोकरीमागे आले होते. बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी एका प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञावर मराठीत पाठ लिहायला घेतला होता. सद्गुण सवयीने अंगी बाणतात, इथवर झरझर उरकलं. माणसाचं सर्वोच्च सुख चिंतनात आहे, या वाक्याशी आले आणि अडकले. त्याच आठवड्यात नवऱ्याची कंपनी लाल झाली होती.

सौदी माणसं पुरेशी न घेणाऱ्या कंपन्यांना तेव्हा सरकार लाल रंगात टाकत असे. मग तिथल्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे कफील या सौदी हमीदार मालकाच्या नावावर मिळणारा राहण्याचा परवाना, वाढवून मिळायचा नाही. आमचा तर संपतच आला होता. दुकानात ओळखीच्या बायका विचारायच्या, "तुमचा रंग कोणता?" मी भाजी निवडण्यात गुंग झाल्यासारखं दाखवायचे.

मी घाबरले होते, सरळ सांगायचं तर. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी दाराची कडी पुन्हा तपासायचे. धैर्य म्हणजे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधला मार्ग, हे मी वर्गात फळ्यावर रेघ काढून शिकवलं होतं. मी त्या रेघेच्या कुठल्या टोकाला आहे, हे कळायला आता फळा लागत नव्हता.

एका दुपारी मुलीने शाळेतून आल्या आल्या विचारलं, "मम्मा, क्या कर रही हो?"

"चिंतन," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. तो तिनेच घेतला. "बाबा, मम्मा चिंता कर रही है."

मी फोन हिसकावला. "अहो, चिंतन म्हणाले मी. हिचं मराठी म्हणजे!"

एरवी ते पोट धरून हसले असते. "येतोय घरी," एवढंच म्हणाले.

आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. त्यांनी माझा कागद ओढून मोठ्याने वाचला, "चिंतनात रमलेल्या माणसाला बाहेरचं फारसं काही लागत नाही." मग म्हणाले, "कफील आज खलास म्हणाला, इकामा वाढणार नाही. तुझ्या या ग्रीकाला इकामा नव्हता का गं लागत?"

"लागायचाच," मी म्हटलं. "तो त्या शहरात परकाच होता. परक्याला तिथल्या एखाद्या नागरिकाचा आधार दाखवावा लागे."

"म्हणजे कफीलच की!" ते क्षणभर हसले. "मग काय झालं त्याचं?"

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मला खोटं बोलायचं होतं, पण सुचेना.

"त्याच्या मुलखाच्या लोकांविरुद्ध वारं फिरलं, तेव्हा घाबरून शहर सोडलं त्याने."