चढलेल्या आवाजाचा चहा

मी चीनला निघाले त्या सकाळी नांदूरघाटच्या पारावर माझ्यावरूनच वाद पेटला होता. अंबाजोगाईला डॉक्टरकीची जागा हुकली म्हणून काय पोरीला एवढ्या लांब धाडायचं? अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटे सगळ्यांना पुरून उरले. "मपली पोरगी हाय, मी धाडनार!" असं ओरडले आणि तिथंच फसले. पारावर ज्याचा आवाज चढेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, ही आमची रीत. ते चहा सांगत राहिले आणि इकडे माझी एसटी हलली. आई खिडकीशी धावत म्हणाली, "तिकडं कुनाच्या भांडनात पडू नको, बाई." या गडबडीत माझं रडायचं राहूनच गेलं, ते बीड ओलांडल्यावर आठवलं.

तुम्हा गावातल्यांना वाटतं, चीनची पोरं मूग गिळून बसतात. वर्गात बसतात खरी. पण त्यांचा पार मोबाइलमध्ये भरतो. चार ओळींची पोस्ट टाकायची, की खाली हजार अनोळखी माणसं वाद घालायला हजर. सरकारला न रुचलेला एखादा विषय सकाळी पाहावा तर गायब झालेला असतो. कुणी फार बोभाटा करत नाही, दुसरा विषय धरतात.

माझ्या खोलीतली मेइ, सरांपुढं मान वर न करणारी, तिनं या हिवाळ्यात लिहिलं, "नववर्षाच्या सणाला मी घरी जाणार नाही. दर घासाला लग्नाचं विचारतात." झालं! लोक तुटून पडले. ती वाचत होती, तशी मीही तिच्या खांद्यावरून एकेक ओळ वाचत होते. कारण शिरूर कासारचं स्थळ मी नुकतंच फोनवर नाकारलं होतं. तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. आई फोनवर असली की मागं नुसते खोकायचे.

एकजण तर हात धुऊन मेइच्या मागं लागला होता. आईबापाचे उपकार विसरलीस, कृतघ्न आहेस, काय नि काय. मला राहवेना. मोडक्यातोडक्या चिनीत मी खाली लिहिलं, "आमच्या गावात ज्याचा आवाज चढतो तो चहा पाजतो. तुम्ही कधी पाजताय?" मेइनं कपाळावर हात मारला. अनोळखी पुरुषाला असं कुणी चहाचं विचारतं का! लोक हसून हसून लोळले. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, "पाजीन. मीही सणाला घरी जात नाहीये. वडिलांशी बोलणं बंद आहे."

मेइनं ते दोनदा वाचलं. ती घरी गेली नाहीच. मी मात्र उठून आईला फोन लावला आणि म्हटलं, अण्णांना दे.

"काय म्हनतीस?" आवाज कोरडाच होता.

"लग्नाला न्हाई म्हनलं ते न्हाईच, अण्णा. पन सुट्टीत येऊ का?"

"येऊ का? आगं, इचारतीस कावून? घर हाय का लॉज?" मग जे सुरू झाले ते थांबेनातच. अक्कल काढली, चीन काढला, शिरूरचं स्थळ पुन्हा काढलं. मी फोन कानापासून लांब धरून रडत होते, आणि मला लई बरं वाटत होतं.

इथं दिवसभर माणसं एकमेकांवर रागावतात, समोरच्याचं नावगावही माहीत नसताना. मला पुरती ओळखून रागावणारा माणूस नांदूरघाटला राहतो. माझं घर म्हणजे आता तेवढंच.