सहासष्ट म्हणा

...तर नवी कवळी माझ्या तोंडात बसवून माझा कवळ्या करणारा दोस्त मला म्हणाला, "आता साठापासून सत्तरापर्यंत मोज." काल इथवर आलो आणि नातीने जेवायला हाक मारली, म्हणून गोष्ट तशीच लोंबकळत राहिली.

मी मोजायला लागलो. गावच्या शाळेत आकडे घोकून घोकून आमची जीभ अशी तयार झालेली, की एकदा सुटली की थांबायचं नाव नाही. मी सत्तर ओलांडून थेट ऐंशीत शिरलो. त्याने हात जोडले. म्हणाला, "बाबा रे, मी दात तपासतोय, तुझी परीक्षा नाही घेत."

त्याच्या धंद्यातली ही खूण. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत माणूस सहासष्टपर्यंत आला, की दात नीट बसलेत की नाही ते कळतं. केसभर पुढेमागे झाले असतील तर त्यातल्या 'स'वर शिट्टी वाजते, नाहीतर समोरच्याच्या चष्म्यावर तुषार उडतात. माझी शिट्टी वाजली. त्याने कवळी काढली, कुठेतरी कणभर घासली, पुन्हा बसवली. "हं, सहासष्ट म्हणा," दोस्तालाही गिऱ्हाइकासारखंच. म्हटलं. शिट्टी गेली. त्या कवळीने मी आजही चणे खातो.

त्याला सगळे बत्तिशी म्हणत. धंदाच तो. घराची रस्त्याकडची खोली हेच त्याचं कामाचं ठिकाण. खिडकीखाली बाकडं, बाकड्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, आणि सगळ्या वस्तूंवर प्लास्टरची पांढरी पूड, जणू कुणी पीठ चाळून गेलंय. मागच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे मांडलेले. मी गेलो की तो त्यांची ओळख करून द्यायचा, "हे पोस्टमास्तर. या मुख्याध्यापिका, यांच्यापुढे जरा जपून बोल. आणि हे आपले वकीलसाहेब, वरचे दात घेऊन गेलेत, खालचे न्यायला वेळ नाही, तरी अर्धं तोंड कोर्ट गाजवतंय." मी बोलण्यात आयुष्यात कुणापुढे हरलो असेन तर त्या माणसापुढे. संध्याकाळी त्याच्याकडे बसलो की माझी पाळीच यायची नाही.

बायको लवकर गेली होती. मुलगी लहान होती, ती त्या बाकड्याखालीच वाढली म्हणा. बाकीच्या पोरी बाहुल्या मागत, हिला बापाचा चिमटा हवा. म्हणून तिचं नाव पडलं चिमटी. मेणाचे तुकडे जमवून ती दात कोरत बसायची. शिक्षणही तिने त्यातलंच घेतलं, कवळ्या आणि जबडे बनवण्याचं. ते पुरं होत आलं तेव्हा परदेशातल्या एका मोठ्या संस्थेची शिष्यवृत्ती निघाली. एक वर्ष, राहणं-खाणं-शिकणं सगळं त्यांचं, आणि जागा एकच.

मुलाखतीला मीही गेलो होतो, म्हणजे बाहेरच्या बाकावर बसायला. आत काय झालं ते तिनेच येऊन सांगितलं. परीक्षकांनी प्रत्येकापुढे मेणाचा ठोकळा ठेवला आणि म्हणाले, कुठलाही एक दात कोरा. बाकीच्यांनी पुस्तकातला कोरला, नवा कोरा, देखणा. हिने कोरलेला एका बाजूने झिजलेला आणि कडेला टवका उडालेला. परीक्षकांत तिकडून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "असा का कोरलास?" ही म्हणाली, "हा माझ्या वडिलांचा आहे. ते एकाच बाजूने चावतात आणि तार दाताने तोडतात." तो दात म्हणे सगळ्यांच्या हातातून फिरला. जागा हिला मिळाली, आणि त्या बाईच पुढे तिच्या गुरू झाल्या.

निघायच्या दिवशी बत्तिशीने तिला खुर्चीसमोर उभं करून सांगितलं, "नीट शिकून ये. माझे दात तुझ्याच हातचे घालणार मी. दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू देणार नाही."

"एका वर्षात येते बाबा. तोवर सांभाळा म्हणजे झालं."

"अगं, हे दात आहेत, भाडेकरू नव्हेत. कुठे जातायत?"

सगळे हसलो. ती गेली.

आता ती संस्था म्हणजे नुसती कवळ्यांची नव्हती. आजारात, अपघातात ज्यांचा जबडा गेला, टाळू गेली, नाक-कान गेले, त्यांना ते नवे करून द्यायचे. पाणी प्यायलं की नाकातून येतं अशी माणसं तिथे यायची आणि जेवून घरी जायची. चिमटीचा हात बघून बाईंनी तिचं वर्ष वाढवून घेतलं. मग तिला बरोबर घेऊन दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात गेल्या. मग तिसऱ्या. पुढे बाई थकल्या आणि ही एकटी जाऊ लागली, तिथल्या मुलांना शिकवू लागली. जाईल तिथे पहिल्या दिवशी ती साठीतले आकडे शिकून घ्यायची. जिथे साठीत असा 'स' नसे तिथे दुसरे कुठले आकडे शोधायची. फोनवर सांगायची, "बाबा, मला इथल्या भाषेत पाणी मागता येत नाही, पण मोजता येतं." बत्तिशी ते साऱ्या गल्लीला सांगायचा.

दर वेळी ती विचारायची, "अजून एक वर्ष म्हणतायत, काय करू?" आणि हा छाती फुगवून म्हणायचा, "राहा की. आमचे दात कुठे पळून जात नाहीत."

आणि दात पळाले. आधी तोच गेला, टवका उडालेला. साखरेच्या आजाराने हिरड्या सैल झाल्या होत्या, मग एकामागून एक रांगच लागली. मी म्हटलं, "अरे, स्वतःची कवळी करून घे ना. गावाला दात वाटतोस."

"माझ्या तोंडात मीच डोकावू कसा?"

"मग दुसऱ्याकडून घे."

"पोरगी करणार आहे. ठरलंय आमचं."

"मग तिला बोलावून घे."

त्यावर तो गंभीर झाला. "तिच्यासमोर जबडा नसलेली माणसं बसलेली असतात. ती उठून बापाच्या दातांसाठी येणार? आणि येईलच रे ती, काम टाकून येईल. म्हणून कळायलाच नको."

पण कळू द्यायचं नाही म्हणजे काय, ते मला हळूहळू उमगलं. त्याची लेक नुसता आवाज ऐकून कुठला दात पडलाय ते सांगायची, त्यानेच शिकवलेलं. समोरचे गेल्यावर त्याचा प्रत्येक शब्द फुसफुसायला लागला. म्हणून त्याने शब्दच सोडले. फोन आला की "हं." "बरं." "ठीक." तिने चेहरा दिसणारा फोन केला तर तोंडाला फडकं, धूळ फार आहे म्हणून. गिऱ्हाइकांसमोरही फडकं, कारण दातवाल्यालाच दात नाहीत म्हटल्यावर दुकान बुडायचं. मला त्याने शपथ घातली आणि शिवाय फोन माझ्या हाती लागू नये याची काळजी घेतली. माझ्या तोंडाचा भरवसा त्याला होता तसा अख्ख्या गल्लीला होता.

मधे एकदा तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने तो स्पीकरवर टाकलेला. इथल्या रुग्णालयात तिच्यासारख्या कामाचा विभाग काढायचा होता आणि तिला बोलावणं गेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी परत आले तर? तुम्हाला काय वाटतं?"

त्याने फोनकडे नुसतं बघितलं. ओठ हलले, मिटले; एक वाक्य बोलला तरी फुसफुस ऐकू गेली असती. "हं," म्हणाला. "बघ."

"बघ म्हणजे? येऊ का नको?"

"बघ."

फोन ठेवून तो उठला आणि खोलीभर फेऱ्या घालू लागला. फडकं काढून बोळक्या तोंडाने माझ्याकडे बघून हसला. "येणार रे ती. येणार बहुतेक." त्या दिवशी त्याने बाकडं पुसलं, तिची बाजू मोकळी केली. तिचा चिमटा तेलात बुडवून ठेवला.

ती आली नाही. पुढच्या रविवारी म्हणाली, नाही म्हणून कळवलं. हा म्हणाला, "बरं."

त्यानंतर फोन विरळ होत गेले. असाच एक रविवार. बत्तिशी मागे हात धुवायला गेलेला आणि फोन वाजला. मी उचलला. इतक्या वर्षांनी पोरीशी बोलायला मिळालं, मला कोण आनंद. पाऊसपाणी झालं, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग ती म्हणाली, "काका, एक विचारू? बाबा माझ्यावर फार चिडलेत ना?"

"चिडलाय? कशाबद्दल?"

"मी परत आले नाही म्हणून. वर्षानुवर्षं नुसतं हं आणि बरं. येऊ का विचारलं तर धड हो नाही की नको नाही. येऊन रोज तो अबोला कसा सोसायचा, म्हणून नको म्हटलं मी. आता इकडेच कायमची नोकरी घेतली, मागच्या महिन्यात."

"अगं चिडलाय कुठला," मी हसत सुटलो, "दात नाहीत त्याला. पाव दुधात बुडवून खातो बिचारा. बोलला तर तुला कळेल म्हणून..."

मग माझ्या लक्षात आलं, शपथ मोडली. तिने विचारलं, "समोरचे कधी गेले?"

"झाली की बरीच वर्षं."

"म्हणजे मी येऊ का विचारलं तेव्हा..."

"तेव्हा एकही नव्हता, पोरी."

आठवडाभरात ती दारात उभी होती. केस पिकायला लागले होते. बॅग ठेवली, हात धुतले आणि बापाला त्याच्याच गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. तोंडावरचं फडकं तिनेच सोडलं. "आ करा."

त्याने तोंड उघडलं. तिने खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं, एकदा, मग परत. दात गेल्यावर त्या जागी वेळेत काही बसवलं नाही, तर खालचं हाड झिजत जातं. मग कवळीला धरायला काही उरत नाही. हे मला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं, गिऱ्हाइकं उशीर करतात म्हणून चिडून.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं बाबा."

"तुला काम होतं."

"हेच काम होतं."

ती मागे जाऊन नळाखाली पुन्हा हात धुऊ लागली. स्वच्छच होते, तरी धूत राहिली. हाडात खिळे रोवून दात बसवता येतात, पण त्याचं हृदय बघून डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग तिने बापाच्या बाकड्यावर बसून कवळी केली. कधी केली नसेल इतक्या सावकाश. एका दाताला तिने तोच टवका कोरला. वरची कवळी घट्ट बसली. देखणा दिसायला लागला बत्तिशी, मी म्हटलं आता तुझं लग्न जमवायला हरकत नाही.

खालची बसवून तिने सांगितलं, "सहासष्ट म्हणा."

तो म्हणायला गेला आणि खालची कवळी उचलून जिभेवर आली. घासलं, पुन्हा बसवलं, पुन्हा आली. चौथ्या-पाचव्यांदा त्याने तिचा हात धरला. "राहू दे. वरचे छान झालेत."

खालची कवळी वाटीत पाण्यात पडून राहिली. मला मात्र वाटलं होतं, आता गुपित फुटलं, आता हा पूर्वीसारखा सुटणार, आम्हाला बोलू देणार नाही. तसं झालं नाही. रोज संध्याकाळी बाप-लेक समोरासमोर बसायचे. ती काही विचारायची. तो म्हणायचा, "हं." राग नव्हता, आणि लोभ नव्हता असंही नव्हे, तिच्याकडे बघताना त्याचे डोळे नुसते निवायचे. पण बोलायची सवयच मोडली होती. जबड्यांच्या फळीखालून मीच एकटा बडबडत असायचो, आणि मधेच कोणी माझं बोलणं तोडत नाही म्हणून थांबायचो.

रजा संपली. तिकडे तिचे विद्यार्थी होते, नोकरी कायमची होती, आणि इथल्या विभागात दुसरं माणूस केव्हाच बसलं होतं. बाप आत झोपला होता. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "पोरी, ती शिष्यवृत्ती मिळालीच नसती तर बरं झालं असतं, असं वाटतं का गं?"

तिने गाडीचं दार धरून ठेवलं. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"नाही काका. त्या एका वर्षामुळे किती जणांना चावून जेवता आलं, ते मी बघितलंय. पण पेशंट कुठल्याही देशातला असो, खुर्चीत बसला की मी आधी त्याला बोलायला लावते, आणि तो गप्प राहिला तर का गप्प आहे ते शोधते. माझे बाबा इतकी वर्षं गप्प होते, आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की बाबा, सहासष्ट म्हणा."