गच्चीवर पत्रे

मी निवृत्त झाले तेव्हा भावाने कोकणातल्या घराची मागची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली होती. मी त्याला फोन करून सांगितलं की नंदुरबारला फ्लॅट घेतेय, जुना, तिसऱ्या मजल्यावरचा, बरीच दुरुस्ती निघेल असा. तो म्हणाला, "ऊन लागलंय का तुला?"

लागलंही असेल. याच जिल्ह्यात, मोलगीच्या बाजूला डोंगरात नर्स म्हणून माझं सगळं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा ही भिंत आपली नाही, हे मनात असायचं. लग्न केलं नाही, त्यामुळे भावाचं घर हेच माझं घर, असं सगळे धरून चालले होते. भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली आहे, पण मला माझं घर हवं होतं. डोंगरात आदिवासींची जमीन आमच्यासारख्या बाहेरच्यांना घेता येत नाही, आणि ते बरंच आहे. म्हणून मी खाली शहरात उतरले.

फ्लॅट एका व्यापारी कुटुंबाचा होता. आजोबांच्या काळी राजस्थानातून आलेली ती माणसं आता सुरतेला निघाली होती. इथे कोणी राहत नव्हतं, नुसती मिरचीची पोती ठेवलेली असत. मी पहिल्यांदा दार उघडलं ती दुपारची वेळ होती. खिडकीच्या फटीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात लाल धूळ तरंगत होती, इतकी हळू की मला वाटलं वेळच जरा जड झालाय. नाक चुरचुरत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मी त्या पाण्याआडून बघत होते, इथे कॉट, इथे ओटा, इथे पुस्तकं. शेठजी दारात उभे राहून रुमाल नाकाला लावून म्हणाले, "वरची गच्चीपण तुमचीच, ताई. गल्लीतल्या बायका येतात कधीकधी." मी हो म्हटलं. ऐकलं मात्र काहीच नाही.

पुढचे दोन महिने मी एका तिखट स्वप्नात राहिले. मिस्त्री भिंती खरवडायचा आणि शिंकायचा. तो शिंकला की मी शिंकायचे, मग खालच्या मजल्यावरून जिजी शिंकायच्या. जिजी म्हणजे खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई, सगळी गल्ली त्यांना जिजीच म्हणते. मिरचीचा मोसम होता, गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लाल पसरलेली, आणि वारा फिरला की सगळं शहर खाकरायचं. मला सगळंच गोड वाटत होतं. नळाची तोटी बसली त्या दिवशी मी ती उगाच चारदा उघडली.

शेवटी गच्ची. मी कोकणातली. आमच्याकडे घर म्हणजे आधी छप्पर, बाकीचं मागाहून. उघडी गच्ची बघून मला घर अर्धंच वाटलं. मी मिस्त्रीला सांगितलं, वर लोखंडी सांगाडा करून उतरते पत्रे टाक.

त्याने हातातली थापी खाली ठेवली. "ताई, पानी कितला दिन पडस आठे?"

"पडतो ना? मग टाक," मी म्हटलं. मी तशी हट्टीच आहे. आणि स्वतःच्या घराबद्दल हट्ट करायची आयुष्यातली पहिलीच संधी होती, ती मी सोडते होय!

पत्रे बसले. होळी झाली, आणि एका सकाळी जिजी धापा टाकत वर आल्या. काखेत जुन्या लुगड्याची घडी होती. त्यांनी वर पत्र्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय जिजी?"

"काही नही व माय, सहज वर उनी व्हती." आणि त्या उतरल्या.

त्यानंतर जिन्यावरून कोणी वर येईना. मी दुकानात गेले की बायकांचं बोलणं थांबायचं, त्या हसून सरकून जागा द्यायच्या, पाहुणीला देतात तशी. चैत्राच्या उन्हात पत्रे असे तापले की माझी स्वप्नाळू खोली भट्टी झाली. एके दिवशी खाली उतरले तर गल्लीभर खाटा टाकलेल्या, त्यांवर पापड, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया. मोटारसायकली धूळ उडवत जात होत्या. एक शेळी खुशाल कुरडया खात होती, आणि जिजी काठी घेऊन तिच्यामागे.

मी मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, वर्षानुवर्षं या गल्लीचं वाळवण त्याच गच्चीवर पडतं. तेवढं उघडं ऊन दुसरीकडे नाही.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगतीन कशी, ताई? घर तुमनं शे."

मला संताप आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. वाईटही फार वाटलं. घर माझं आहे हे सगळ्यांनी इतक्या अदबीने मान्य केलं होतं, की मी त्यात एकटीच उरले होते. दुसऱ्या दिवशी पत्रे उतरवले. मिस्त्री पत्रा उतरवताना गालात हसत होता. हसू दे.

मी खाली जाऊन जिजींना म्हटलं, "चुकलं माझं. वर या."

त्या वर आल्या, गच्चीभर फिरल्या, चपला काढून फरशी किती तापलीय ते तळपायाने बघितलं. मग विचारलं, "उडीदनं पीठ कितलं आनशी? सोमवारले तुन्ही पाळी."

पाळी म्हणजे काय ते त्यांनी समजावलं. रोज एका घरचे पापड, आणि सगळ्या गल्लीने तिथे लाटायला जायचं. मी हसले. "जिजी, मी एकटी. मला कशाला पापड?"

"एकली शे म्हनीसन काय झायं?" त्या खेकसल्याच. "माहेरले नही धाडशी?"

 लग्न न झालेल्या बाईला माहेर नसतं, ती तिथलीच असते. साठीला आलेल्या मला जिजींनी एका वाक्यात माहेर दिलं.

सोमवारी माझ्या खोलीत अकरा पोळपाट बसले. पापड वाळल्यावर मी डबा भरला, कापडात शिवला आणि त्यावर भावाचा पत्ता लिहिला. आठवड्याने वहिनीचा फोन आला, पापड छान फुलतात म्हणाली, आणि मग विचारलं, "ताई, गणपतीला माहेरी येणार ना?"

"येईन," मी म्हटलं, "चार दिवस."